दीड वर्षाच्या मुलासाठी कोणती खेळणी घ्यावीत?

वन आरके, दीड वर्षाचा मुलगा आणि हजार रुपये, असं तुम्ही लिहिलंय. हजार लागणारच नाहीत. एक मऊ चेंडू, एकात एक बसणारे प्लास्टिकचे कप, ओढायची गाडी (दोरी वीतभरच हवी, लांब दोरी गळ्यात अडकते) आणि जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक. बाकी घरातले डबे, झाकणं, पातेली आहेतच. माझा मुलगा या वयात कांद्या-बटाट्याची टोपली रिकामी करून परत भरण्यात अख्खी सकाळ घालवायचा. या वयाची मुलं भरतात, ओततात, ढकलतात, पाडतात. ते करू देईल ते खेळणं चांगलं. बटण दाबलं की आपलं आपण नाचणारं-गाणारं खेळणं मुलाला नुसतं बघत बसवतं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. खेळणी काय तुम्ही एकटेच आणणार आहात? काका, मामा, आत्या, शेजारच्या काकू, सगळे आणतील.

मुलगा सव्वा वर्षाचा असताना गौरीजेवणाला आम्ही लालबागला मोठ्या दिरांकडे गेलो होतो. दिरांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून त्याच्यासाठी खेळण्यातला मोबाइल आणला होता. लाइट लागायचे, गाणी वाजायची. त्याच्या हातात देण्याआधी मी तो उलटा करून बघितला. सेलच्या झाकणाला स्क्रू नव्हता, नुसती प्लास्टिकची खिट्टी. अंगठ्याच्या नखाने दाबली तर झाकण उडालं आणि घड्याळात असतात तसे चपटे बटन सेल सतरंजीवर घरंगळले. एक फडताळाखाली गेला. तो चाचपून काढेपर्यंत दुसऱ्यावर पोराचा हात पडलेला. मी सेल कागदाच्या पुडीत बांधले, मोबाइल दिरांना परत दिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, हे मी याला देणार नाही.

दीर म्हणाले, “आम्ही काय पोरं वाढवली नाहीत?” जाऊबाई म्हणाल्या, “सणासुदीला एवढ्या हौसेने आणलेल्या वस्तूत खोट कशाला काढायची? घरी नेऊन टाकायचं होतंस माळ्यावर.” आमचे हे गप्प. आजही घरात कार्य असलं की हा विषय निघतो आणि उद्धट मी ठरते.

मी उद्धट नव्हते. बटन सेल अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून करंट वाहतो, कॉस्टिकसारखा क्षार तयार होतो आणि दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. सेल “संपलेला” असला तरी. एवढंसं मूल सांगणार कसं? लाळ गाळतं, खात नाही, खोकतं, आणि आपण सर्दीचं औषध पाजत बसतो. नुसती शंका आली तरी उलटी काढू नका, सकाळची वाट बघू नका. परळच्या वाडियाला नाहीतर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन एक्स-रे काढून घ्या.

आणि माळ्यावर टाकून काय झालं असतं? त्याच खोलीत जाऊबाईंच्या बहिणीची मुलगी रांगत होती. पुढच्या बारशाला दिरांनी तसाच मोबाइल तिला दिला असता. म्हणून तुम्हीही सांगायचं ते तिथल्या तिथे, देणाऱ्याच्या तोंडावर सांगा. कोणी रुसलं तर रुसू दे.

बॅटरीची सगळीच खेळणी वाईट असं मात्र मी म्हणत नाही. झाकण स्क्रूने घट्ट असेल आणि आत पेन्सिल सेल असतील तर कधीमधी चालेल. १ जानेवारी २०२१पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर तो दिसला नाही तर घाबरू नका, नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. पण भातुकली तीन वर्षांपर्यंत नकोच, त्यातल्या वाट्या आणि फळं फार लहान असतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा सुटा भाग साधारण ३२ मिमी व्यासाच्या आखूड नळीत मावता कामा नये. दहाचं नाणं २७ मिमीचं असतं, म्हणजे त्याहून थोडी मोठी वस्तूसुद्धा घशात अडकू शकते.

आणि गाडीची चावी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, पंख्याचा किंवा एलईडी माळेचा छोटा रिमोट, यांतही बटन सेल असतात. नवीन खेळणं आणण्याआधी ती झाकणं तपासा.