पडदा कोण बाजूला सारतो?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पाने वाचून झाली. हात चांगला बसतो आहे. एका जागी मात्र अडखळलो. मूळ इंग्रजीत 'रेव्हलेशन' जिथे जिथे आला, तिथे तिथे तू 'साक्षात्कार' लिहून मोकळा झालास. या शब्दावर माझा फार जीव आहे, म्हणून आज तेवढ्यावरच लिहितो.

लॅटिनमध्ये 'वेलुम' म्हणजे पडदा. जहाजाच्या शिडालाही तोच शब्द. 'रेवेलारे' म्हणजे पडदा मागे सारणे. ग्रीक धर्मग्रंथ लॅटिनमध्ये आणताना 'अपोकालिप्सिस'साठी याच धातूचा आधार घेतला गेला. 'कालिप्तेइन' म्हणजे झाकणे आणि 'अपो' म्हणजे दूर, थोडक्यात झाकण काढणे. नव्या करारातले शेवटचे पुस्तक ग्रीकमध्ये याच शब्दाने सुरू होते. मराठी बायबलात त्याला 'प्रकटीकरण' म्हणतात. पात्म बेटावर योहानाला जे दिसले त्यात विध्वंस इतका आहे, की 'अपोकॅलिप्स' म्हणजे जगाचा अंत असाच अर्थ आता रूढ झाला. मूळ शब्दात प्रलय कुठेच नाही.

शब्द किती घरगुती होता ते बघ. हिब्रू ग्रंथांच्या जुन्या ग्रीक भाषांतरात रूथची गोष्ट आहे. जव उफणून झालेत, बवाज जेवून खळ्यावर राशीच्या कडेला झोपला आहे. रूथ पावले न वाजवता येते आणि त्याच्या पायांवरचे पांघरूण बाजूला करते. तिथे क्रियापद हेच! आणि देव शमुवेलाला गुपित सांगतो तेव्हा ग्रीक वाक्य म्हणते, देवाने शमुवेलाचा कान उघडला. आपल्याकडे कान उघडण्यातून 'कानउघाडणी' आली आणि तिचा अर्थ बोलणी बसणे असा झाला, म्हणून हे वाक्य मराठीत आणताना जपून.

जवळपास निलगिरीचे झाड असेल तर एक कळी तोडून हातात घे. 'युकॅलिप्टस' हे नाव १७८८ साली लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. 'नीट झाकलेले' असा त्याचा अर्थ, आणि धातू तोच, 'कालिप्तेइन'. कळीवर घट्ट टोपी असते. नखाने ती उचकट; आत पुंकेसर दाटीवाटीने दुमडून बसलेले दिसतील. ते आधीपासून तिथेच होते. मला 'रेव्हलेशन' शब्द असा कळला.

आता तुझा 'साक्षात्कार'. त्यात 'अक्ष' आहे, डोळा आहे. डोळ्यांदेखत होणे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काने ऋषी शब्दाची फोड 'दर्शना'वरून केली, ऋषी म्हणजे ज्याने पाहिले तो. इथे बळ पाहणाऱ्याकडे आहे, त्याच्या साधनेकडे आहे. 'प्रकटीकरणा'त दाखवणारा वेगळा असतो आणि पाहणारा केवळ समोर उभा असतो. अरबी 'वह्य', म्हणजे देवाकडून येणारा संदेश, आणखी निराळा, त्यात खूण आहे, आतून मिळालेली प्रेरणा आहे. कुराणात तर मधमाशीलाही घर कुठे बांधायचे याचा वह्य मिळतो. आणि आपला 'दृष्टांत' विसरू नकोस. देव स्वप्नात येऊन सांगतो, सकाळी माणूस म्हणतो, "मला दृष्टांत झाला." नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्व करायला सांगून गेले, असे तुकोबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्याला 'साक्षात्कार' म्हटलेस तर ते स्वप्न हरवेल.

राजकारण्याने दडवलेली गोष्ट कुणी चव्हाट्यावर आणली, तर तो 'गौप्यस्फोट'. तिथे 'खुलासा' लिहू नकोस. हिंदीत त्याचा अर्थ भांडाफोड असा होतो, म्हणून हल्ली मराठी बातम्यांतही 'धक्कादायक खुलासा' दिसतो, आणि मला ते टोचते. मराठीत आरोप झाला की ज्याच्यावर तो झाला, तो माणूस खुलासा करतो. एका शब्दाने आरोपी आणि आरोप करणारा यांची अदलाबदल होते, बाबा.

तेव्हा प्रत्येक जागी थांबून विचार: झाकले होते कुणी, बाजूला सारले कुणी, आणि समोर कोण उभे होते? तुझ्या पानांवर नऊ ठिकाणी मी पेन्सिलीने गोल केले आहेत. त्यातल्या दोन ठिकाणी तुझा 'साक्षात्कार' अगदी बरोबर आहे. कोणत्या, ते मुद्दाम लिहिलेले नाही. उरलेल्या सात जागा पुन्हा करून रविवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका