तार सरळच हवी असं कुठंय?

प्रश्न : काका, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा, परवाना नुकताच हातात पडलाय. सिडकोत रो-हाउस आहे, गच्ची जेमतेम 20 बाय 40 फूट. 40 मीटर बँडच्या (40 मीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या) डायपोलला, म्हणजे मधोमध जोड असलेल्या दोन हातांच्या अँटेनाला, 66 फूट तार लागते. शेजारी त्यांच्या टाकीला दोर बांधू देत नाहीत. कॉइल घातलेली आखूड अँटेना घेऊ का? आणि 80 मीटर बँडचं काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉइलवाली एवढ्यात नको. चालते, पण फ्रिक्वेन्सी जरा सरकवली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) चढलाच.

गच्ची तिरकी मोजा, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. पावणेपंचेचाळीस फूट भरेल. मधोमध 15 फुटी पाइप उभा करा आणि त्याच्या टोकावरून दोन्हीकडे तार उतरती न्या, कोपऱ्यातल्या आठ फुटी बांबूंपर्यंत. एका बाजूची साडेतेवीस फूट तार इथेच खपते. उरलेली नऊ-साडेनऊ फूट बांबूवरून वळवून कठड्याच्या रेषेत न्या. करंट मधे जास्त असतो, टोकाला जवळपास शून्य, त्यामुळे टोकं वाकवली तरी फारसं अडत नाही. टोकाला व्होल्टेज मात्र सणसणीत. कपडे वाळत घालणाऱ्याचा हात तिथं पोचता कामा नये. आणि वीजवाहिनीच्या बाजूचा कोपरा असेल तर तो सोडाच.

पुरेशी उंची नाही म्हणून खट्टू होऊ नका. एवढ्या उंचीवरून सिग्नल बराचसा वर जातो आणि आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून आसपास उतरतो. दिवसा पुणे-कोल्हापूरशी गप्पा मारायला हेच हवं.

मी पहिल्यांदा मेहुण्याच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेतली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ओढली होती. फुकटची ना! तिसऱ्या पावसाळ्यात गाठीपाशी गंजून तुटली. घरगुती वायरिंगची तांब्याची वायर घ्या, प्लास्टिक सोलू नका. आधी फूटभर जास्त ठेवा, मग टोक मागे दुमडत जुळवा. इन्सुलेटरला पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे पुरतात.

खरा घात होतो मधल्या जोडावर, जिथं रेडिओकडून येणारी कोॲक्स (जाळीचं वेष्टण असलेली केबल) तारेला जोडतात. माझ्या कोॲक्समध्ये पहिल्याच पावसात पाणी उतरलं. सोलून बघितलं तर आतली जाळी हातभर काळी पडलेली. टेप वरून खाली गुंडाळली होती मी. ती खालून वर गुंडाळायची, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी घडीत न शिरता ओघळतं.

80 मीटरसाठी मागच्या अंगणातून उलटा एल करा : भिंतीपासून हातभर लांब ठेवून तार वर, मग गच्चीवरून आडवी, मिळून 65 फूट. खाली जमिनीत जमतील तेवढ्या रेडियल तारा (अँटेनाच्या पायथ्यापासून चहूकडे पसरलेल्या) पुरा. दोन लांब तारांपेक्षा डझनभर आखूड बऱ्या. रात्री खरखर फार आली तर आधी स्वतःच्याच घरातले एलईडी दिवे बंद करून बघा. वळवाच्या दिवसांत, विजा कडाडतात म्हणून, कोॲक्स रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची सवय लावा.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात तार उतरवाच. मांजा अडकला की पोरं जीव खाऊन ओढतात. माझी अर्धी तार मागच्या गल्लीत, एका पतंगासकट सापडली होती.