आईच्या हृदयाचा ‘वेगळा’ प्रकार

प्रश्न : डॉक्टर, धाकटा मामा अचानक गेल्याचा फोन आला आणि तासाभरात आईच्या (वय ६१) छातीत कळा सुरू झाल्या. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, पण अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज नाही. टूडी इकोच्या रिपोर्टवर ‘टाकोत्सुबो, अटिपिकल, मिड-व्हेंट्रिक्युलर’ असं लिहिलंय. नेहमीचा नाही, म्हणजे जास्त धोक्याचा का? आता तिला कुठलीही वाईट बातमी सांगायची म्हटलं तरी मी घाबरते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, टाकोत्सुबो म्हणजे मोठ्या ताणानंतर, कधी कारणाशिवायही, हृदयाचा एखादा भाग तात्पुरता आकुंचन पावायचा थांबतो तो आजार. ‘अटिपिकल’, म्हणजे नेहमीपेक्षा वेगळा, हा शब्द फक्त जागा सांगतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा नेमका कुठला भाग आकुंचन पावायचा थांबला, एवढंच.

१९९०मध्ये जपानी डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांना दिसलं ते कप्प्याचं टोक : थिजलेलं, अरुंद तोंडाच्या मडक्यासारखं फुगलेलं. हा नेहमीचा प्रकार. २०१५च्या, या आजाराच्या रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतल्या १,७५० रुग्णांपैकी जवळपास ८२ टक्क्यांना तोच होता. तुमच्या आईसारखा मधला पट्टा थांबलेले सुमारे १५ टक्के. उरलेल्या थोड्यांत झडपांजवळचा भाग किंवा एखादाच तुकडा थांबतो.

जागेमुळे फरक पडतो, आणि तो उपचारात दिसतो. टोक थांबलं की वरचा भाग जोर लावतो. त्यात कधीकधी रक्त बाहेर पडायची वाटच आवळली जाते आणि बीपी कोसळतं. अशा वेळी हृदयाचा जोर वाढवणारं औषध दिलं तर उलट घात होतो, म्हणून आम्ही इको पुन्हापुन्हा बघतो. झडपांजवळचा भाग थांबलेला दिसला, तर मेंदूतला रक्तस्राव किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ तर नाही ना, हे मी आवर्जून तपासते. वेगळ्या प्रकाराचे रुग्ण सरासरीने थोडे तरुण असतात आणि त्यांचं पंपिंग सहसा कमी घसरतं. पण वर्षभरानंतरचा धोका दोन्हींत साधारण सारखाच. म्हणून आईचा आजार जास्त वाईट नाही. किरकोळही समजू नका. ‘मनाला लावून घेतलं’ म्हणून कुणी उडवून लावत असेल, तर त्यांना तो ट्रोपोनिनचा रिपोर्ट दाखवा.

बातम्या लपवू नका, असं मी अगदी मनापासून सांगते. याच नोंदणीत चौथ्या हिश्श्याहून जास्त रुग्णांमध्ये कुठलंच कारण सापडलं नव्हतं. कितीकांना दमा, ऑपरेशन, संसर्ग अशा शारीरिक ताणाने झालं. घरात कुजबुज सुरू झाली की आईला ती कळतेच, आणि भावासाठी तिला मोकळेपणी रडायचंय. तिच्याजवळ बसून सांगा.

पंपिंग बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून महिना-दीड महिन्याने टूडी इको पुन्हा करा, गोळ्या परस्पर बंद करू नका. छातीत परत दुखलं, तर ‘तेच असेल’ म्हणून घरी थांबू नका. हा आजार पुन्हा होऊ शकतो, आणि तो की खरा हार्ट अटॅक, हे घरबसल्या ओळखता येत नाही. लगेच ईसीजी काढायला न्या. जुने रिपोर्ट सोबत ठेवा.