गॅरेजला न नेता, घरच्या माणसाला पेडलवर बसवून ब्रेकमधली एअर काढता येते का?

येते. जुन्या अल्टोचा मागचा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलल्यापासून पेडल स्पंजी लागतंय म्हणताय, म्हणजे लायनीत हवा शिरलीये. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसेल तर हे दोन माणसांचं, तासाभराचं काम. मी आमच्या अण्णांना बसवून केलंय.

पाना हातात घेण्याआधी शब्द ठरवा. पहिल्या वेळी मी चाकापाशी बसून ओरडलो, ‘सोडतो!’, म्हणजे निप्पल (चाकामागचा, हवा काढायचा छोटा स्क्रू) सैल करतो. अण्णांनी ऐकलं ‘सोडा’, आणि उचलला पाय. खालची बाटली रिकामी, त्यामुळे निप्पलला लावलेल्या नळीने सुर्रकन हवाच आत ओढली. पहिल्यापासून सुरू! (चूक कोणाची, हा वाद अजून मिटलेला नाही.)

आता आमच्याकडे ‘सोड’ बाद. मी ‘दाबा’ म्हणतो. ते तीन-चारदा हळू पंप मारतात, पाय दाबून ठेवतात आणि ‘धरलंय’ म्हणतात. मी निप्पल पाव आटा सैल करतो, पेडल खाली जातं. निप्पल घट्ट करून मी ‘उचला’ म्हणेपर्यंत पाय तिथेच. नळी पारदर्शक घ्या, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडलेलं हवं. आधी कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. तेव्हा थांबायचं.

इंजिन बंद, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल पार तळाला गेलं आणि जुन्या मास्टर सिलिंडरचे (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचे) सील नेहमीपेक्षा खोल, गंजलेल्या भागात गेले तर फाटतात.

तुम्ही उघडलेलं चाक आधी घ्या. चारही करायची तर साधारण मास्टर सिलिंडरपासून लांबचं आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. दर पाच-सहा दाबांनी बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल घाला. ती रिकामी झाली की पुन्हा हवा.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, तेही सीलबंद. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट 4 ग्रेडचं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही हमी 155 वर येते. घाट उतरताना ब्रेक तापतात, तेव्हा हा फरक कळतो. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

शेवटी इंजिन चालू करून पेडल दाबून धरा. थोडं खाली जाऊन घट्ट थांबलं तर झालं. हळूहळू खचतच राहिलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेलाय. गाडी बाहेर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.