‘मिक्स माल गेला असल्यास क्षमस्व’

‘सगळेच करतत. मी काय एकटोच?’ माझ्याकडे समुपदेशनाला आलेले देवगडकडचे एक आंबा बागायतदार खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

अवकाळी पाऊस आणि फुलकिड्यांनी मोहोर गेला. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांचे आगाऊ पैसे खर्च झालेले. मग पाच डझनी ४० पेट्यांत वरचा थर स्वतःच्या बागेतला आणि खाली कर्नाटकचा आंबा. एका जुन्या गिऱ्हाइकाने जाड सालीच्या, पिवळट फोडीचा फोटो पाठवला. यांनी उत्तर दिलं नाही आणि तेव्हापासून झोप नाही. प्रश्न नेहमीचाच: कबूल केलं तर गिऱ्हाईक तुटणार, मग गप्प बसलेलं काय वाईट?

गप्प बसणारा मनात गप्प नसतो. साइक्स आणि मॅट्झा या अमेरिकी अभ्यासकांनी १९५७ मध्ये आपल्याच चुकीच्या समर्थनाचे पाच प्रकार मांडले. यांच्याकडे पहिल्याच तासात चार निघाले. पाऊसच तसा पडला. आंबा गोड होता ना? दलाल काय कमी लुटतात? पोरीची फी भरायची होती. यातलं खोटं काहीच नाही, आणि खरी अडचण तीच. पाऊस पडला हे खरं, पण पेटी पावसाने भरली नाही. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते गोडीचे नव्हेत, देवगडच्या नावाचे. हापूसला २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकनही कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरतंच आहे.

माफीचा मजकूर घरून लिहून आणायला सांगितला. आला तो असा: ‘निसर्गाने साथ न दिल्यामुळे काही पेट्यांत मिक्स माल गेला असल्यास क्षमस्व.’ ‘गेला’ म्हणजे आंबा आपल्या पायांनी चालत गेला. ‘असल्यास’ म्हणजे शोधा तुम्हीच. दुसऱ्या खेपेला ‘मी’ आला, पण मागोमाग ‘पण’ही आला. तिसऱ्या खेपेला जमलं: ‘तुमच्या पेटीत मी खाली कर्नाटकचा आंबा भरला आणि देवगडच्या भावाने विकला. फरकाचे १,००० रुपये शुक्रवारी पाठवतो.’

इथे बरेच जण घाई करतात. सगळ्यांना एकदम कळवायचं ठरवलं तर ४० हजार लागणार होते; हाताशी होते १५. म्हणून आधी पंधराच पेट्या, बाकीच्या पैसे जमतील तशा. कबुलीनंतर पैसे थकले तर ती दुसरी फसवणूक ठरते. सांगायचं फोनवर, एकेकाला. ग्रुपवर टाकलेली माफी म्हणजे समोरच्याचा राग ऐकायची चुकवाचुकवी. बोलून झालं की मनात दहा अंक मोजायचे, तोवर सबब सांगायची नाही. सरावात चौथ्या अंकालाच पाऊस परत यायचा.

पहिला फोन फोटो पाठवणाऱ्याला.

‘माझा फोटो मिळाला होता ना?’ पलीकडून विचारणा झाली.

‘मिळाला होता. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही.’

हे वाक्य आमच्या कागदावर नव्हतं. पैसे त्या गृहस्थांनी घेतले. पुढच्या हंगामाची ऑर्डर अजून दिलेली नाही.