शिकारीचा हंगाम सुरू होताच रानटी टर्की गप्प का होतात?

आपण विचारले आहे की, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील आपल्या घरामागच्या टेकडीवर एप्रिलच्या मध्यापर्यंत रोज पहाटे चार-पाच नर टर्की (कोंबडीच्या जातकुळीतला, जमिनीवर चरणारा मोठा पक्षी) ओरडत होते आणि शिकारीचा हंगाम उघडल्यावर आठवड्याभरातच तिथे सामसूम झाली. तर ते पक्षी मारले गेले, दुसरीकडे निघून गेले, की माणसांच्या वर्दळीला घाबरून गप्प बसले? मी याच राज्यात बरीच वर्षे राहतो आणि शेजारच्या एका वयस्कर शिकाऱ्यासोबत वसंतात रानात जात आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपले पक्षी बहुधा त्याच टेकडीवर आहेत. एखाददुसरा मारला गेला असेलही, पण ही शांतता मुख्यतः शिकाऱ्यांमुळे नसून माद्यांमुळे आहे.

हिवाळ्यात एकत्र राहणारे थवे मार्चच्या शेवटी फुटू लागतात आणि नरांमध्ये वरचढ कोण याची चढाओढ सुरू होते. या काळात माद्या अजून अंड्यावर आलेल्या नसतात, म्हणून उजाडण्यापूर्वी रातथाऱ्याच्या झाडावरूनच नर जीव तोडून ओरडतात, आणि आपण एप्रिलमध्ये ऐकलात तो हाच पहिला भर होता. पुढे माद्या नरांभोवती जमू लागल्या, की ज्याच्या अवतीभवती चार माद्या चरत आहेत त्या नराला ओरडण्याचे कारणच उरत नाही. तो झाडावर दोन-चारदा आवाज देतो, खाली उतरतो आणि दिवसभर पिसारा फुलवून माद्यांच्या मागे मुकाट फिरतो. मादी साधारणपणे दिवसाला एक याप्रमाणे दहा-बारा अंडी घालते. ती पूर्ण होईपर्यंत ती घरट्यावर थोडा वेळच जाते आणि उरलेला वेळ नराच्या आसपास असते. अंडी पुरी झाल्यावर मात्र ती 26 ते 28 दिवस जवळजवळ पूर्ण वेळ घरट्यावर बसते. मग नर एकटा पडतो आणि पुन्हा ओरडू लागतो. आपल्या राज्यात माद्या बसण्याची सुरुवात मोठ्या प्रमाणावर मेच्या पहिल्या आठवड्याच्या आगेमागे होते आणि हंगाम उघडतो तो 1 मेच्या जवळच्या शनिवारी. त्यामुळे वसंत जरा उशिरा आला, तर हंगामाचे पहिले काही दिवस नेमके या मधल्या शांत काळात सापडतात.

येथे एक गोष्ट नवा शिकारी हमखास विसरतो. टर्कीच्या रीतीप्रमाणे नर आवाज देतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण बॉक्स कॉल किंवा स्लेट कॉल (घासून टर्कीचा आवाज काढण्याची लाकडी पेटी किंवा पाटी) घासून मादीची साद काढतो, तेव्हा नराने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा धरतो, म्हणजे चालत आलेली रीत उलटी करू पाहतो. नराने एकदा उत्तर दिले आणि मग तो गप्प झाला, तर त्याला संशय आलाच असे नाही. मादीला आपला ठावठिकाणा कळला आहे, आता ती येईल, अशा समजुतीने तो जागीच थांबलेला असू शकतो.

आता शिकारीच्या दबावाविषयी. तो खोटा नाही. जॉर्जिया विद्यापीठातील मायकेल चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलायनाच्या रानांत स्वयंचलित ध्वनिमुद्रक बसवून नरांच्या ओरडण्याची मोजदाद केली, तेव्हा शिकार चालणाऱ्या जागी हे ओरडणे शिकार नसलेल्या जागेपेक्षा कमी भरले. याचे एक कारण अगदी साधे आहे: जो मोठ्याने आणि वारंवार ओरडतो तो आधी सापडतो आणि मारला जातो, त्यामुळे मागे उरलेल्यांचा एकूण आवाजच घटतो. पण याचा अर्थ उरलेले नर डोंगर ओलांडून पळून जातात असा होत नाही. ते आपल्याच परिसरात थोडे सरकतात, रातथाऱ्याचे झाड बदलतात, रस्त्यालगतचे मोकळे कुरण टाळून पलीकडच्या उतारावर उतरतात. खुद्द माद्याही घरट्यासाठी दाट झुडपांचा आणि उंच गवताचा भाग शोधत पांगतात आणि नर त्यांच्या मागे जातात. त्यात मेमध्ये ओक आणि मेपलला पालवी फुटली, की एप्रिलच्या उघड्याबोडक्या रानातून दूरवरून स्पष्ट येणारा आवाज पानांत मुरून जातो. वारा किंवा पाऊस असेल तर विचारूच नका.

पक्षी आहेत की नाहीत हे कानांनी न ठरवता जमीन पाहून ठरवावे, असे माझा शेजारी पहिल्या दिवसापासून सांगत आला आहे. टेकडीवरून जाणाऱ्या मातीच्या वाटेवर पाऊस पडून गेल्यावर सकाळी उशिरा जा. नराच्या पावलाचा ठसा मादीच्या ठशापेक्षा ठळकपणे मोठा असतो, आणि त्या ठशांच्या दोन्ही बाजूंना खराट्याने हलकेच ओढल्यासारख्या समांतर रेघा दिसल्या, तर तो नर तिथे पिसारा फुलवून, पंखांची टोके जमिनीला घासत चालला होता असे समजावे. नराची विष्ठा लांबट असून टोकाला आकडीसारखी वळलेली असते, मादीची गोळा झालेली असते. अशा खुणा ताज्या असतील, तर रान कितीही शांत असले तरी जागा बदलण्याची गरज नाही.

वेळेबाबत माझे मत असे, की पहाटेचा मोह थोडा कमी करावा. हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून दुपारी बारापर्यंतच शिकारीची मुभा आहे. बहुतेक लोक आठ-साडेआठला कंटाळून न्याहारीला निघून जातात, आणि नेमके त्यानंतर माद्या घरट्याकडे वळल्यामुळे नर एकटा सापडण्याची शक्यता वाढते. मेच्या मध्यानंतर दिवसभर शिकार करता येते, तोवर बहुतेक माद्या बसलेल्या असतात आणि गर्दीही ओसरलेली असते. मला स्वतःला हाच काळ अधिक आवडतो.

पक्षी येत नाही म्हणून आवाजाच्या रोखाने दबकत जाण्याचा विचार मात्र मनातही आणू नका. आपल्या राज्यात वसंतातील टर्कीची शिकार साद घालूनच करायची असते, दबा धरत मागावर जाण्याला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचाही असू शकतो. लाल, पांढरा किंवा निळा कपडा, अगदी खिशातला रुमालसुद्धा, नको; हेच तीन रंग नराच्या डोक्यावर असतात आणि त्याच्या मनःस्थितीप्रमाणे पालटतात. (1612 साली गोव्याहून मुकर्रबखान या सरदाराने जहांगीर बादशहासाठी जे अपूर्व पशुपक्षी नेले त्यांत एक टर्की होता. त्याचे डोके माजावर असताना पोवळ्यासारखे लाल, मग कापसासारखे पांढरे आणि कधी पिरोजासारखे दिसते, असे बादशहाने आठवणींत नोंदवून ठेवले आहे आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने त्याचे चित्रही काढले. रानात बंदूक धरून बसलेल्या माणसाला तीच रंगांची झलक दिसते, हे लक्षात असू द्यावे.)

राहता राहिला आपला शेवटचा प्रश्न, गप्प झालेल्या नरासाठी किती वेळ बसावे हा. माझ्या तिसऱ्या वसंतात एका नराने सव्वानऊला दोनदा उत्तर दिले आणि नंतर चाळीस मिनिटे काहीच ऐकू आले नाही. तो गेला असे ठरवून मी बुंध्याला हात टेकत उभा राहिलो, तोच पाठीमागे वीस पावलांवर ‘पट्!’ असा टर्कीचा धोक्याचा तुटक आवाज झाला. मी वळेपर्यंत झुडपांत शिरणारे तपकिरी शेपूट तेवढे दिसले. तो आवाज न करता, वळसा घालून, वरच्या बाजूने आला होता. तेव्हापासून शेवटचे उत्तर मिळाल्यावर मी घड्याळ लावून एक तास पाठ टेकून बसतो, आणि उठण्यापूर्वी मान अगदी सावकाश फिरवून आधी मागे पाहतो.