नंबर मायनस ९, लेझरने नंबर घालवणाऱ्या लेसिकला नकार मिळाला. डोळ्यात लेन्स बसवण्याचं आयसीएल ऑपरेशन करून घेऊ का?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, घरचे म्हणतात ‘चष्मा आहे ना, मग ही हौस कशाला?’ त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले.

माझी सांगलीत खानावळ आहे. नंबर मायनस ११ होता. भाताचं झाकण उघडलं की काचांवर वाफ. चष्मा पदराला पुसेपर्यंत इकडे मोहरी करपायची. मग पाच वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या. शेगडीच्या धगीपुढे त्या कोरड्या पडायच्या, आणि एका उन्हाळ्यात डाव्या डोळ्यात जखम झाली. तीन आठवडे खानावळ बंद, महिन्याचे २२ डबे दुसरीकडे गेले. याला माझा मोठा भाऊ हौस म्हणत होता.

दादाचं म्हणणं, करायचंच तर लेसिक कर, स्वस्तात होतं, डोळ्यात परकी वस्तू कशाला घालायची. एका ठिकाणी त्याने दिवससुद्धा ठरवून टाकला. तिथे कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाची, जाडी किती, हे मला कुणी सांगितलंच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर हिशेब मांडला. जाडी ४७२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). वरचा पापुद्रा उचलायला ११०. एका नंबरामागे लेझरने १३ च्या आसपास थर जातो, म्हणजे ११ नंबरांचे १४३. उरले २१९. २५० च्या खाली जायचं नसतं, बरेच डॉक्टर ३०० धरतात, कारण पातळ पडलेला कॉर्निया पुढे फुगू शकतो. म्हणून मी आयसीएल केलं. त्यात थर काढतच नाहीत. घडी केलेली लेन्स छोट्या छेदातून बुबुळाच्या मागे, आपल्या भिंगाच्या पुढे बसवतात, आणि गरज पडली तर ती काढता येते. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दादानेच डॉक्टरांच्या मागे लागून चांगलं भिंग बसवून घेतलं होतं. तेही कृत्रिमच. तेव्हा परकी वस्तू हा शब्द त्याच्या तोंडी आला नाही.

आता तुमचं. नुसत्या नंबरावरून मी हो म्हणणार नाही. माझ्या आतेबहिणीचा नंबर मायनस ८, माझ्याच सांगण्यावरून त्याच डॉक्टरांकडे गेली आणि रडत परत आली. कॉर्निया आणि भिंग यांच्यामधली खोली तिची २.६ मिलीमीटर भरली. साधारण २.८ ते ३ तरी लागते. जागा अरुंद असली की लेन्समुळे डोळ्यातल्या पाण्याचा मार्ग अडतो, आतला दाब वाढतो, काचबिंदूची भीती. डॉक्टरांनी नाही म्हटलं ते बरोबरच केलं. कॉर्नियाच्या आतल्या पेशींची संख्याही मोजतात, आणि नंबर वर्षभर स्थिर हवा. लेन्सचं माप तर फारच महत्त्वाचं. मोठी झाली तर दाब वाढतो, लहान झाली तर भिंगाला टेकून मोतीबिंदू होऊ शकतो. माप चुकलं तर लेन्स बदलून देणार का, हे आधीच विचारा.

आणि हो, डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी सोडू नका. मोठ्या मायनस नंबरात डोळा लांबट होऊन पडदा ताणला जातो, आणि नंबर गेला तरी तो डोळा लांबटच राहतो. माझ्या पडद्यावर दोन पातळ जागा निघाल्या, त्यांना आधी लेझर करावं लागलं, आणि अजून दरवर्षी ड्रॉप घालून पडदा बघून घेते. रात्री समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. सुरुवातीला जास्त होती, आता कमी, पण आहेत. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा कुणाला चुकत नाही. मला आता सुईत दोरा ओवायला लागतो.

पैसे माझ्या भिशीचे होते, दादाचे नव्हते. तुमचे घरचे पैसे देणार असतील तर आधी तपासण्या करून घ्या आणि आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा. खर्चाचं नंतर बोला. दादाला मी तो ४७२ चा कागद ऑपरेशन झाल्यावर दाखवला. आधीच दाखवायला हवा होता.